गढूळ पाण्याचा हिशेब

चंद्रपूर, घुग्घुस, राजुरा, वणी या भागात पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्याला रस्त्याच्या कडेने डोंगर दिसतात. माथा सपाट, उतार पायऱ्यापायऱ्यांचे, कुठे नुसती उघडी पिवळट माती, तर कुठे सुबाबळीची झाडी. पाहुणा विचारतो, हा डोंगर कोणता? सांगणारा घोटाळतो, कारण या डोंगराला नावच नसतं. आजोबांच्या वेळी तो तिथे नव्हता. कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरची काळी माती, मुरूम, चिकणमाती आणि वालुकाश्म खोदून बाजूला रचलेला तो ढिगारा असतो. खाणीतले लोक त्याला ‘ओबी’ म्हणतात. ‘ओव्हरबर्डन’ या शब्दाचं हे सुटसुटीत रूप. ओव्हरबर्डन म्हणजे वरचं ओझं.

उन्हाळ्यात हे ओझं निमूट पडून असतं. मृगाचा पाऊस कोसळला की ते चालू लागतं. आधी उतारावर बोटाएवढ्या रेघा उमटतात, रेघांच्या घळी होतात, घळींचे ओहोळ होतात आणि पायथ्याच्या शेतात, नाल्यात, नदीत पिवळं पाणी शिरतं. पाणी ओसरतं, गाळ मागे राहतो. कपाशीच्या कोवळ्या रोपांवर बसलेला तो थर पुढच्या पावसाने काही धुऊन जात नाही.

आपल्याकडे संकटांची एक जुनी वाटणी आहे. दुष्काळ, महापूर, टोळधाड ही अस्मानी. जुलमी वसुली, लुटालूट ही सुलतानी. अस्मानीला इलाज नाही, सुलतानीला जाब विचारता येतो. आता मला सांगा, खाणीच्या ढिगाऱ्यावरून पावसाबरोबर वाहत येणारा गाळ कोणत्या खात्यात धरायचा? पाऊस तर अस्मानी आहे. मग गाळही अस्मानीच का? प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर कायद्यात लिहिलं जायला बराच काळ जावा लागला आणि सव्वाशे माणसांचा बळी जावा लागला. ही हकिगत अमेरिकेतली आहे. आपल्याकडच्या ढिगाऱ्यांकडे पाहताना ती माहीत असलेली बरी, म्हणून आज ती सांगतो.

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलेशियन नावाची जुनी, झिजलेली, दाट झाडीची पर्वतरांग आहे. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया ही राज्यं तिच्याच कुशीत वसलेली. इथे कोळशाचे थर डोंगराच्या पोटात आडवे पसरलेले असतात. पूर्वी बोगदे खणून कोळसा काढत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मोठाले बुलडोझर आणि यांत्रिक फावडी आली आणि काम उलटं झालं. डोंगराच्या अंगाला कमरपट्ट्यासारखा चर मारायचा, वरची माती नि खडक उतारावरून खाली लोटून द्यायचे आणि उघडा पडलेला कोळसा उचलून न्यायचा, अशी ही रीत. खाली दरीत ओढा असे, ओढ्याकाठी घरं असत, भाजीपाल्याचे वाफे असत. लोटलेली माती जायची ती त्यांच्याच दिशेने.

जमिनीच्या मालकाने हे चालू कसं दिलं, असं तुम्ही विचाराल. त्याच्या हाती काहीच नव्हतं. त्याच्या आजा-पणजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा विसाव्याच्या आरंभी जमिनीखालच्या खनिजाचे हक्क विकून टाकलेले असत, कित्येकदा तर एकरी पन्नास सेंट इतक्या किरकोळ किमतीला. त्या खरेदीखतांत कोळसा काढण्यासाठी जे जे करावं लागेल ते करण्याची मुभा होती. सही किंवा अंगठा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बोगदा होता. बुलडोझर जन्मालाही आला नव्हता. पण केंटकीच्या न्यायालयांनी त्या जुन्या कागदांचा अर्थ खाण कंपन्यांच्या बाजूने लावला. वरची जमीन खणून काढली तरी मालकाने मुकाट बसायचं.

नॉट परगण्यातली ओली कोम्ब्स ही म्हातारी मात्र मुकाट बसली नाही. नवरा वारलेला, डोंगराच्या पायथ्याशी घर. नोव्हेंबर १९६५ मध्ये बुलडोझर घराच्या वरच्या अंगाला आले, तेव्हा ही बाई सरळ त्यांच्यापुढे जाऊन बसली. पोलिसांनी तिला उचलून नेलं. उचलून नेतानाचं तिचं छायाचित्र आणि तुरुंगात सणाचं जेवण जेवतानाचं छायाचित्र वृत्तपत्रांतून देशभर गेलं. तोवर ज्यांनी त्या डोंगरांचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांना तिथे काय चाललंय ते कळलं.

त्याच सुमारास केंटकीत आणखी एक काम चाललं होतं. त्याची छायाचित्रं कुठे छापून आली नाहीत, पण पुढच्या काळात ते फार उपयोगी पडलं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने मॅक्‍रिअरी परगण्यातले दोन लहान ओढे निवडले होते. एकाचं नाव केन ब्रँच, दुसऱ्याचं हेल्टन ब्रँच. दोन्ही एकाच खोऱ्यातले, एकसारख्या डोंगरांतले. फरक इतकाच की १९५५ पासून केन ब्रँचच्या पाणलोटात उघडी खाण सुरू झाली आणि हेल्टन ब्रँचचं जंगल तसंच राहिलं. खात्याची माणसं वर्षानुवर्षं दोन्ही ओढ्यांचं पाणी मोजत राहिली, त्यातला गाळ तोलत राहिली.

केंटकीतल्या या मोजणीतून जे आकडे पुढे आले ते थक्क करणारे होते. जंगलाच्या जमिनीवरून वर्षाला दर चौरस मैलामागे सुमारे २५ टन गाळ वाहून जात होता. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून किती? २७ हजार टन. म्हणजे हजारपटीहून जास्त. आणि पाऊस? तो काही खाणीचं रान बघून जास्त पडत नव्हता. ढगांनी दुजाभाव केला नव्हता. हजारपटीचा फरक जमिनीवर घडला होता.

१९६५ सालीच वॉल्टर विशमायर आणि ड्वाइट स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी जमिनीची धूप मोजण्याचं एक सूत्र अमेरिकेच्या शेती खात्याच्या पुस्तिकेत मांडलं. ते मुळात शेतकऱ्यांसाठी होतं, पण नंतर खाणींनाही लागू पडलं. सूत्र गुणाकाराचं आहे. पावसाचा जोर, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी, उताराचा चढ, जमिनीवरचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती, या सहांचा गुणाकार केला की वर्षाकाठी किती माती जाणार त्याचा अंदाज मिळतो. जरा नीट पाहा. सहांपैकी आभाळाच्या हाती आहे तो एकच, पावसाचा जोर. ढिगाऱ्याच्या वरच्या थरात कोणती माती ठेवायची, उतार किती लांब आणि किती उभा करायचा, त्यावर गवत कधी लावायचं, आडवे बांध घालायचे की नाही, ही सगळी माणसाची कामं. अस्मानी एक आणि सुलतानी पाच, असा हा हिशेब आहे.

पण शास्त्राचा हिशेब आणि कोर्टकचेरीतला हिशेब एक व्हायला वेळ लागतो. मध्ये घडली ती बफेलो क्रीकची दुर्घटना.

वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन परगण्यात बफेलो क्रीक नावाचा ओढा आहे. त्याच्या काठाने कोळसा कामगारांच्या लहान लहान वस्त्या एकापुढे एक वसलेल्या होत्या. वरच्या अंगाला कोळसा धुण्याचा कारखाना होता. धुतल्यावर निघणारं काळं पाणी थेट ओढ्यात जाऊ नये, त्यातला गाळ खाली बसावा आणि निवळलेलं पाणी पुढे जावं, म्हणून खाणीचाच टाकाऊ माल दरीत आडवा टाकून एकामागे एक बंधारे घातले होते. हेतू वाईट नव्हता. पण तो बंधारा म्हणजे नुसता ढीग होता. पायाची तयारी नाही आणि जादा पाणी सुखरूप निघून जाईल असा सांडवाही नाही. होता तो फक्त एक पाइप.

फेब्रुवारी १९७२ च्या अखेरीस तिथे लागोपाठ पाऊस झाला. २६ तारखेला, शनिवारी सकाळी आठच्या सुमारास सर्वांत वरचा बंधारा फुटला आणि जवळपास ५० कोटी लिटर काळं पाणी दरीतून खाली सुटलं. वस्तीमागून वस्ती त्याने धुऊन नेली. १२५ माणसं मेली, हजाराहून अधिक जखमी झाली, चार हजार लोक बेघर झाले. कंपनीच्या वतीने सांगण्यात आलं की ही देवाची करणी आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, अस्मानी.

लोकांनी ते मानलं नाही. पाऊस काही जगावेगळा नव्हता. दरीत ढीग देवाने टाकला नव्हता. राज्याच्या गव्हर्नरने नेमलेल्या आयोगाने कंपनीवर ठपका ठेवला. वाचलेल्या सहाशेहून अधिक लोकांनी एकत्र दावा लावला आणि १९७४ मध्ये कंपनीला १ कोटी ३५ लाख डॉलर देऊन तो मिटवावा लागला. गाळ अडवायला बांधलेली गोष्टच पाण्याचा विचार न करता बांधली तर काय होतं, हे त्या एका सकाळने दाखवून दिलं.

यानंतर उघड्या खाणींसाठी देशभर एकच कायदा हवा, या मागणीने जोर धरला. तो काळ तेलटंचाईचा होता. कोळसा कमी पडेल, महागेल, लोकांचे रोजगार जातील, अशी भीती घातली जात होती आणि ती सगळीच खोटी होती असंही नाही. अमेरिकी काँग्रेसने हा कायदा दोनदा संमत केला, राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी १९७४ मध्ये आणि पुन्हा १९७५ मध्ये तो अडवला. दुसऱ्या खेपेला त्यांचा नकार मोडून काढायला प्रतिनिधी सभेत अवघी तीन मतं कमी पडली. अखेर ३ ऑगस्ट १९७७ रोजी जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली. खाणमालक न्यायालयात गेले. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा एकमताने उचलून धरला.

या कायद्यात काय होतं? वरची सुपीक माती, म्हणजे जमिनीची सायच म्हणा ना, ती आधी वेगळी काढून जपून ठेवायची आणि काम संपलं की पुन्हा वर पसरायची. डोंगराला शक्यतो मूळचा आकार परत द्यायचा. खाणीच्या कामामुळे ओढ्यात जास्तीचा गाळ जाऊ द्यायचा नाही आणि त्यासाठी उपलब्ध असलेलं उत्तम तंत्र वापरायचं. काम सुरू करण्याआधीच पैशांची हमी ठेवायची, म्हणजे मालक उद्या परागंदा झाला तरी जमीन दुरुस्त करायला पैसा राहील. जुन्या, बेवारस खाणींसाठी उघड्या खाणीतल्या कोळशावर टनामागे ३५ सेंट वेगळे भरायचे.

या कायद्याच्या आणि पाणीप्रदूषणाच्या नियमांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी तरतूद. खाणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एका लिटरला महिन्याच्या सरासरीने ३५ मिलिग्रॅम आणि कोणत्याही एका दिवशी फार तर ७० मिलिग्रॅम तरंगता गाळ चालेल, असं ठरलं. मग पावसाचं काय? त्यासाठी एक रेघ आखली गेली. दहा वर्षांतून एकदा येईल असा चोवीस तासांचा पाऊस धरा. त्या पावसापर्यंत मोजण्याच्या पद्धतीत थोडी सवलत मिळेल, पण जबाबदारी सुटणार नाही. त्याहून मोठा पाऊस झाला, तरच गाळाची मर्यादा उठेल. आणि खरोखरच तेवढा पाऊस झाला होता हे सिद्ध करायचं खाणवाल्याने, ओढ्याकाठच्या शेतकऱ्याने नव्हे. अस्मानी कुठे संपते आणि सुलतानी कुठे सुरू होते, याची हद्द पर्जन्यमापकाच्या आकड्याने आखली गेली ती अशी.

‘दहा वर्षांतून एकदा’ हे शब्द जरा फसवे आहेत बरं का. त्याचा अर्थ दहा वर्षं निर्धास्त राहा असा नाही. असा पाऊस कोणत्याही वर्षी यायची शक्यता दहात एक असते. वीस वर्षं चालणाऱ्या खाणीला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता शंभरात जवळपास अठ्ठ्याऐंशी. म्हणजे तो येणार असंच धरून चालायला हवं.

मग खाणीखाली गाळ बसवण्याचे तलाव बांधले गेले. कल्पना आपल्या घरातल्या माठासारखीच. गढूळ पाणी स्थिर ठेवलं की माती तळाशी बसते. पण सगळी माती सारख्या वेगाने बसत नाही. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्येच याचा नियम सांगून ठेवला आहे: कण दहापट बारीक झाला की तो शंभरपट सावकाश बसतो. बारीक वाळूचा कण मीटरभर पाणी दोन मिनिटांत ओलांडून तळ गाठतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या पोयट्याच्या कणाला तीन-चार तास लागतात. त्याहूनही दहापट बारीक चिकणमातीचा कण घेतला तर दोन आठवडे. इतके दिवस पाणी थोपवून धरेल असा तलाव कोण बांधणार? म्हणजे तलाव वाळू पकडतो, पोयटा बराचसा पकडतो आणि चिकणमाती निसटून जाते. शिवाय तलाव गाळाने भरत जातो. वेळच्या वेळी उपसला नाही, तर पुढच्या पावसात तो नुसता नावापुरता उरतो.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या प्रदेशात तर आणखी वेगळाच अनुभव आला. तिथले ओढे मुळातच गाळाने भरलेले. खाणीच्या तलावांनी पाणी निवळून सोडलं, तेव्हा ते स्वच्छ पाणी खाली जाऊन ओढ्याचेच काठ खरवडू लागलं. तलावात अडलेलं बरंचसं पाणी उन्हाने उडून गेलं आणि खालच्या लोकांच्या वाट्याचं पाणी कमी झालं. म्हणून २००२ मध्ये, वर्षाला सुमारे ६६० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या तिथल्या खाणींसाठी नियम बदलले. तलावाच्या तोंडाशी मोजण्याऐवजी उतारावरच माती धरून ठेवा आणि खाण येण्यापूर्वी जेवढा गाळ जात होता त्याहून जास्त जाणार नाही हे दाखवा, असा तो नवा नियम. न्यू मेक्सिकोतल्या ला प्लाटा खाणीत तर पायऱ्यापायऱ्यांचे सरळ ढीग न रचता, निसर्गातल्या टेकड्यांसारखे वळणदार उतार आणि नागमोडी ओहोळ घडवून पाहिले गेले.

या साऱ्या खटाटोपातून निघालेलं शहाणपण आपल्या शेतकऱ्याला नवीन नाही. बाहेरचं चांगलं पाणी खाणीत येऊच द्यायचं नाही. भोवतीने चर काढून ते वळवून न्यायचं. ढिगाऱ्याचा लांब उतार मध्ये मध्ये तोडायचा. पायऱ्यांचा कल आतल्या बाजूला ठेवायचा. काम संपलेल्या भागावर लगेच माती पसरून गवत लावायचं, सगळी खाण संपायची वाट पाहायची नाही. डंपरच्या रस्त्यांना गटारं ठेवायची. आणि एवढं करून जो गाळ निसटेल, त्याच्यासाठी सर्वांत शेवटी तलाव. धुऱ्यावर माती अडवणारा शेतकरी हेच करतो. शेतातली माती शेतातच राहावी हा त्याचा पहिला विचार असतो. नाल्यातून ती परत आणण्याचा नाही.

आता आपल्या वर्धा नदीच्या खोऱ्याकडे येऊ. इथे कोळसा निघू लागला तो १८७० च्या दशकात, वरोऱ्याला. त्या काळच्या खाणी जमिनीखालच्या होत्या. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण पूर्ण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्‌स ही कंपनी स्थापन झाली, आणि मग उघड्या खाणींचा पसारा वाढत गेला. आज देशातला नऊ-दशांशाहून अधिक कोळसा उघड्या खाणींतून येतो. आपल्या घरातला दिवा त्यावर जळतो, हेही विसरून चालणार नाही.

नियम आपल्याकडेही आहेत. २००० साली केंद्र सरकारने कोळसा खाणींसाठी वेगळी मानकं जाहीर केली. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तरंगता गाळ नको, असं त्यात सांगितलं आहे. पर्यावरण मंजुरीच्या अटींत ढिगाऱ्याभोवतीचे चर, पायथ्याची भिंत, गाळ बसवण्याच्या टाक्या यांचा उल्लेख असतोच. २००९ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो आणि त्यासाठी उघड्या खाणीला तेव्हाच्या किमतीने हेक्टरी ६ लाख रुपये या दराने वेगळ्या खात्यात रक्कम ठेवण्याची अट घातली गेली. म्हणजे ३२ वर्षं उशिरा का होईना, हमीची कल्पना आपल्याकडे आली.

पण आपली परिस्थिती केंटकीहून अवघड आहे. तिथे पाऊस वर्षभर विभागून पडतो. चंद्रपूरला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा बहुतेक पाऊस चार महिन्यांत उरकतो. त्यात आपली काळी माती. तिचे कण इतके बारीक की पाण्यात गेले तर दिवसचे दिवस तरंगत राहतात. स्टोक्सचा नियम इथे आपल्या विरुद्ध उभा राहतो. म्हणून पायथ्याला टाकी बांधली की काम झालं, ही समजूत आपल्याकडे तर मुळीच परवडणारी नाही. जे करायचं ते वर, उतारावर, आणि जून उजाडण्याच्या आत.

इरई-झरपटेच्या काठी पूर आला की दर वेळी ढिगाऱ्यांची चर्चा निघते. पुराचं सगळं खापर त्यांच्यावर फोडणं योग्य नाही. वर्धा नदी फुगली की इरईचं पाणी मागे सरतं, धरणातून सोडलेलं पाणी येतं, पूररेषेतली वस्ती वाढलेली असते. कारणं अनेक असतात. पण अनेक कारणं आहेत म्हणून आपल्या वाट्याचं कारण नाहीसं होत नाही. ते मोजावं लागतं.

आणि मोजणं तितकंसं कठीण नाही. केंटकीच्या त्या दोन ओढ्यांची गोष्ट आठवा. खाणीजवळच्या गावात राहणाऱ्या कुणालाही, शाळेतल्या मुलांनाही, ते करता येईल. चांगला पाऊस झाला की काचेच्या दोन सारख्या बाटल्या घ्यायच्या. एकीत खाणीच्या वरच्या अंगाचं नाल्याचं पाणी भरायचं, दुसरीत खालच्या अंगाचं. पुरात उतरायचं नाही, पाणी ओसरू लागलं की काठावरूनच भरायचं. बाटल्यांवर तारीख आणि त्या दिवशीचा पाऊस लिहायचा आणि त्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचं, कोणत्या बाटलीच्या तळाशी किती बोटं माती बसली आहे आणि कोणतं पाणी अजून गढूळच आहे.

पाऊस दोन्ही बाटल्यांत सारखाच असेल. फरक दिसला तर त्या वह्या घेऊन ग्रामसभेत जायचं आणि विचारायचं, या वर्षी चर कधी उपसले होते?